स्मरणिकेतील पाने कोणाला किती?

पत्र : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या वर्षभरात आमच्या पेठेतील दोन वयोवृद्ध व्यक्तींचे निधन झाले. त्यांतील एक चित्रपट दिग्दर्शक होते. त्यांचे बालपण येथे गेले, पुढे ते पुण्या-मुंबईकडे स्थायिक झाले आणि त्यांनी काही मराठी चित्रपट दिग्दर्शित केले. दुसरे जन्मभर येथेच राहिले, यंत्रमागावर काम करीत आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. आमच्या मंडळाने दोघांची मिळून एक स्मरणिका काढण्याचे ठरवले असून संपादन माझ्याकडे सोपवले आहे. दिग्दर्शकांविषयी साठ पाने मजकूर जमला आहे, वादकांविषयी अर्धे पानही भरत नाही. त्यांचे चिरंजीव म्हणतात की लिहिण्यासारखे काही नाही. दिग्दर्शकांच्या एका चित्रपटातील गाण्यात या वादकांनी क्लॅरिनेट वाजवले होते, तेव्हा दिग्दर्शकांवरील लेखातच तशी एक चौकट टाकावी, असे मंडळातील काहींचे मत आहे. अडचण अशी की, त्या गाण्याची चाल मुळात आपण मिरवणुकीत वाजवीत असू आणि ती आपल्याला न विचारता घेतली गेली, असे ते वादक अनेकांना सांगत असत. दिग्दर्शकांच्या घरच्यांना हे मान्य नाही आणि छपाईच्या खर्चाचा मोठा वाटा तेच उचलणार आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

चौकटीची सूचना आपण प्रथम बाजूला ठेवावी, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. ज्या माणसाने उभे आयुष्य वरातींत आणि मिरवणुकींत वाजवले, त्याची ओळख त्याने स्टुडिओत घालवलेल्या एका दिवसावरून करून देणे म्हणजे त्याचे उरलेले सगळे दिवस वजा करणे होय. चित्रपटाच्या आधाराने वादकाला मोठे करण्याचा हा प्रयत्न चांगल्या हेतूने होत असेल, यात मला शंका नाही. परंतु त्याचा परिणाम उलटा होतो. अँथनी गोन्साल्विस हे नाव 1977 साली प्रदर्शित झालेल्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटामुळे देशभर पोहोचले. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचे नाव त्यातील 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या गाण्यात आदराने आणले होते. नाव सर्वांच्या तोंडी झाले, पण गोन्साल्विस हे गोव्याहून मुंबईत आलेले व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक होते, त्यांनी 1958 साली पाश्चात्त्य आणि भारतीय संगीत एकत्र आणणारा वाद्यवृंद उभा केला होता, हे ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. शिष्याने प्रेमाने केलेल्या उल्लेखाची ही गत होते, तर आपल्या चौकटीची काय होईल याचा विचार मंडळाने करावा.

याचा अर्थ दोघांना मोजून सारखी पाने द्यावीत असा मात्र नाही. साठ पाने आणि अर्धे पान यांतील अंतर हे दोन आयुष्यांमधील अंतर नसून कागदपत्रांमधील आहे. दिग्दर्शकाच्या कामातून कागद आपोआप तयार होत जातो. सेन्सॉरचे प्रमाणपत्र, वृत्तपत्रांतील जाहिराती, परीक्षणे, मुलाखती, एके काळी चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, असे किती तरी. बँडमधील वादकाच्या कामातून निघतो तो केवळ सूर, आणि वरात पुढच्या चौकात वळली की तो विरतो. म्हणून संपादक या नात्याने आपल्याला दोन वेगवेगळी कामे करायची आहेत. दिग्दर्शकांच्या बाबतीत जमलेले कमी करायचे आहे आणि वादकांच्या बाबतीत अद्याप न जमलेले जमवायचे आहे. यांपैकी दुसऱ्या कामाला आज हात घालावा, कारण दिग्दर्शकांची कात्रणे पुढच्या वर्षीही मिळतील, वादकांबरोबर वाजवलेली माणसे मात्र आता सत्तरी-ऐंशीच्या घरात असणार.

चिरंजीवांनी 'लिहिण्यासारखे काही नाही' असे म्हटले, ते आपण नकार समजू नये. घरच्यांनी वादन क्वचितच ऐकलेले असते. त्यांनी पाहिलेली असते ती मध्यरात्रीनंतर घरी परतणाऱ्या माणसाची थकलेली मुद्रा आणि खुंटीला टांगलेला गणवेश. त्यांना 'वडील कलावंत म्हणून कसे होते' असे विचारले, तर उत्तर दोन वाक्यांत संपेल. त्याऐवजी वस्तू आणि वेळा विचाराव्यात. क्लॅरिनेट कोठून घेतले होते, त्यावर कोणत्या कंपनीचा छाप आहे, रीड, म्हणजे फुंकण्याच्या टोकाला बसवायची पातळ पट्टी, कोण आणून देत असे, मागावरची पाळी आणि लग्नाची सुपारी एकाच दिवशी आली तर काय करीत, नवीन गाणे रेडिओवरून बसवीत की कॅसेटवरून, घरी सराव करताना शेजारी काय म्हणत? अशा प्रश्नांतून आपल्याला हवे ते आपोआप बाहेर येईल.

त्यानंतर बँडमधील सहकाऱ्यांकडे जावे आणि त्यांत जे सर्वांत वयस्कर असतील त्यांना आधी गाठावे. सोलापूरच्या पूर्व भागात ही माणसे आपापसांत तेलुगूत बोलत असतील, कोणी कन्नडमध्ये तर कोणी दखनीत. आपण मराठीत विचारल्यास ते मराठीतच उत्तर देतील, परंतु ते पाहुण्यापुढे दिलेले, बेताचे उत्तर असेल. त्यांची भाषा घरात बोलणारी एखादी जुनी विद्यार्थिनी सोबत न्यावी आणि त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावे. मराठी रूप नंतर सावकाश करता येते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवावे. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात, आणि वर्षभराने कोणता आवाज कोणाचा याची ओळख उरत नाही.

बँडमालकाची बुकिंगची वही मिळाली, तर तिच्याइतके मोलाचे साधन दुसरे नाही. तारीख, गाव, बयाणा, किती माणसे नेली, याच्या नोंदी त्यात असतात. त्यावरून वादकाचे वर्ष कसे जात असे ते मांडता येईल : तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई, संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुका, उन्हाळ्यातील मुहूर्तांची गर्दी, आषाढीनंतर चातुर्मासात येणारी ओढगस्त आणि मग गणेशोत्सव-नवरात्रात पुन्हा हाती येणारे काम. चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात, जाड कापडाचा गणवेश घालून, चालत चालत फुंकीचे वाद्य वाजवणे म्हणजे काय, हे वाचकाला समजले पाहिजे. बँडमध्ये गायकाची ओळ बहुधा क्लॅरिनेट वाजवते आणि बाकीची पितळी वाद्ये तिला उत्तर देतात, म्हणजे गाणे ओळखू येते ते या माणसामुळे, हेही सांगितले पाहिजे. पुढे बँजो पार्ट्या आल्या, मग डीजे आले आणि सुपाऱ्या कमी होत गेल्या, तेव्हा त्यांनी काय केले, हा भाग तर अवश्य यावा. मजुरी किती मिळे, वाजवणाऱ्यांना लग्नघरी कोणत्या पंगतीला बसवीत किंवा बसवीतच नसत, हेही विचारावे. उत्तर अडचणीचे आले, तरी ते गाळू नये. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या लग्नांत हे घडलेले आहे.

त्यांचे वादन ऐकायला मिळणे शक्य नाही, असे आपण गृहीत धरले असावे. पेठेत ज्यांची लग्ने 1985 ते 2000 या काळात झाली, त्यांच्या कपाटांत व्हिडिओ कॅसेटी असतील, आणि त्यांतील अनेकींत वरातीच्या पुढे हेच गृहस्थ वाजवताना दिसतील. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोटो स्टुडिओवाले संकलन करताना वरातीचा मूळ आवाज काढून त्या जागी चित्रपटगीते घालीत, त्यामुळे चित्रात आपला वादक आणि कानावर पार्श्वगायक असा प्रकार पुष्कळ ठिकाणी निघेल. संकलन न केलेली मूळ कॅसेट कोणाकडे शिल्लक आहे का, ते मुद्दाम विचारावे. अशा कॅसेटी घरातल्या जुन्या यंत्रात घालून 'चालते का पाहू' असे करू नये. बुरशी धरलेली फीत यंत्रात अडकून तुटते. पत्र्याखालच्या माळ्यावर असतील तर त्या आधी खाली उतरवून सावलीच्या, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि माहीतगार माणसाकडून डिजिटल प्रत करून घ्यावी. ध्वनिफितींची प्रत शक्यतो संकुचित न केलेल्या, म्हणजे वेव्ह प्रकारच्या फाइलमध्ये घ्यावी. एक प्रत चिरंजीवांकडे, एक मंडळाकडे आणि एक परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. मूळ कॅसेट ज्याची त्याला परत करावी, ही सूचना आपल्यासारख्या शिक्षिकेला करण्याची खरे तर गरज नाही, परंतु स्मरणिकांसाठी नेलेले फोटो कधीच परत येत नाहीत, अशी तक्रार मी फार जणांकडून ऐकली आहे.

आता दिग्दर्शकांकडे वळतो. साठ पानांपैकी किती पाने खरोखर त्यांच्याविषयी आहेत, ते एकदा तपासून पाहावे. आपल्याकडील स्मरणिकांत मान्यवरांचे संदेश, 'मनोगत', 'दोन शब्द' आणि 'एक अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' अशा मथळ्याचे चार लेख यांतच निम्मा अंक संपतो. ज्या लेखात दिग्दर्शकाच्या जागी एखाद्या सहकारी बँकेच्या अध्यक्षांचे नाव घातले तरी चालेल, तो लेख लेखकाची क्षमा मागून गाळावा. मुंबईच्या वृत्तपत्रांनी जे कधीच छापले नसेल, ते आपण द्यावे : त्यांची सोलापूरची वर्षे, गिरणीचा भोंगा आणि मागांचा खडखडाट ऐकत गेलेले बालपण, भागवत चित्र मंदिरात कोणासोबत चित्रपट पाहिले, शाळेच्या नाटकात काय केले, गाव सोडताना घरात कोणाचा विरोध होता आणि पैसे कोणी दिले. त्यांच्या वर्गातले कोणी हयात असतील, तर त्यांचे एक पान दहा संदेशांहून अधिक सांगेल.

चित्रपटांच्या तपशिलात मात्र आठवणींवर विसंबू नये. प्रत्येक चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते; प्रमाणपत्राचे वर्ष, लांबी आणि निर्मात्याचे नाव तेथून घ्यावे. प्रमाणपत्राचे वर्ष आणि प्रदर्शनाचे वर्ष वेगळे असू शकते, आणि श्रद्धांजलीच्या लेखांत नेमका तेथेच घोळ होतो. श्रेयनामावली संपूर्ण उतरवून घ्यावी, कारण छायालेखक, संकलक, कला दिग्दर्शक यांच्याशिवाय दिग्दर्शकाचे काम उभे राहत नाही, आणि त्या यादीत सोलापूरचे आणखी एखादे नाव सापडले तर मला आश्चर्य वाटणार नाही. आपल्या वादकांचे नाव त्यात बहुधा नसेल. चित्रपटांच्या नामावलीत संगीतकाराचे आणि फार तर संयोजकाचे नाव येई, वाजवणाऱ्यांची नावे येत नसत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आपण त्यांच्या घरच्यांना विचारावा, तो म्हणजे त्यांच्या चित्रपटांच्या प्रती आज कोठे आहेत. चित्रपट एकदा लागला की तो कायमचा राहिला, अशी आपली समजूत असते. 1931 सालच्या 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांचे 1944 साली नाशिकला निधन झाले, आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 साली. मधल्या काळात किती गेले याचा हिशेब नाही. जे राहिले त्यासाठी संग्रहालयाचे पी. के. नायर यांना फाळके कुटुंबीयांकडे जाऊन रिळांचे तुकडे गोळा करावे लागले. आपल्या दिग्दर्शकांच्या घरी, प्रयोगशाळेत किंवा निर्मात्याच्या गोदामात एखादे रीळ पडून असेल आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ती फीत खराब होऊ लागली आहे असे समजावे आणि विलंब न करता पुण्याच्या संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा. घरच्यांनी छपाईसाठी काढून ठेवलेल्या रकमेचा काही भाग या कामी वळवला, तर ते त्यांच्या वडिलांचे अधिक चांगले स्मरण ठरेल, असे त्यांना सांगायला आपण संकोचू नये. कार्यक्रमात एखादा चित्रपट दाखवण्याचा बेत असेल, तर घरच्यांची परवानगी पुरेशी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो आणि त्याचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो, म्हणून निर्मात्याला किंवा ज्याच्याकडे आज हक्क आहेत त्याला विचारावे.

चालीचा वाद हा आपल्या पत्रातील सर्वांत नाजूक भाग आहे आणि तो गाळावा असे मला वाटत नाही. जी गोष्ट एक माणूस वर्षानुवर्षे सांगत होता आणि पेठेतील अनेकांनी ऐकली होती, ती त्याच्या आयुष्याचाच भाग आहे. ती वगळून लिहिलेले चरित्र पेठेत कोणी खरे मानणार नाही. परंतु ती सिद्ध झालेली गोष्ट म्हणूनही छापता येणार नाही. दोघेही आज उत्तर द्यायला नाहीत, आणि गाण्याची चाल बांधणारा तिसराच माणूस, म्हणजे संगीतकार, या भांडणात कोठेच नाही, ही बाब आपल्या पत्रातही आलेली नाही. त्यामुळे 'चाल चोरली' असे किंवा 'हा निराधार आरोप आहे' असे, दोन्ही शब्द संपादकाच्या लेखणीतून उतरू नयेत. ते कोणाला, साधारण केव्हा आणि कोणत्या शब्दांत असे सांगत, हे ऐकणाऱ्यांच्या नावानिशी द्यावे. दिग्दर्शकांच्या घरच्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, त्याच पानावर, तितक्याच टाइपात द्यावे. संगीतकार किंवा त्यांचे वारस हयात असल्यास त्यांना पत्र लिहून विचारावे.

थोडा शोध मात्र घ्यावा. चित्रपटाच्या आधीच्या एखाद्या लग्नाची किंवा मिरवणुकीची ध्वनिफीत मिळाली आणि तीत ती चाल वाजलेली असली, तर निदान ती आधीपासून पेठेत वाजत होती एवढे निश्चित म्हणता येईल. ती त्यांनी स्वतः बांधली होती, हे त्यावरूनही ठरत नाही. मिरवणुकीतल्या पुष्कळ चाली तेलुगू भजनांतून, कन्नड पदांतून, नाहीतर जुन्या नाटकांतून आलेल्या असतात आणि वाजवणारा त्यांत आपली भर घालीत जातो. पेठेतील भजनी मंडळातल्या एखाद्या वृद्ध गायकाला ती चाल ऐकवून पाहावी. कदाचित तो त्यावरचे मूळ पदच म्हणून दाखवील, आणि मग वादाचा रंगच बदलेल.

खर्चाविषयी आपण घरच्यांशी छपाईपूर्वी बोलून घ्यावे आणि मजकुराचा अंतिम निर्णय संपादकाचा राहील, असे मंडळाच्या ठरावात लिहून घ्यावे. ते वादाच्या पानाला तयार नसतील, तर त्यांच्या देणगीतून दिग्दर्शकांचा भाग वेगळी पुस्तिका म्हणून निघू द्यावा आणि वादकांची पुस्तिका पेठेच्या वर्गणीतून काढावी. दोन पातळ पुस्तिका निघाल्याने कोणाचा अपमान होत नाही. उलट माझा कल, पैशाचा प्रश्न नसता तरी, याच बाजूला आहे, कारण एकाच वेष्टनात दोघांना घातले की पाने मोजणारे आणि मुखपृष्ठावर कोणाचा फोटो मोठा हे पाहणारे निघतातच.

कार्यक्रम एकत्र करायला हरकत नाही. सभागृहाबाहेर दोघांचे फ्लेक्स लावण्यापेक्षा वादकांच्या जुन्या सहकाऱ्यांना रीतसर सुपारी देऊन, ठरलेले पैसे आगाऊ देऊन बोलवावे आणि अध्यक्षांच्या भाषणाआधी वाजवू द्यावे. भाषणानंतर ठेवले, तर निम्मे सभागृह रिकामे झालेले असते. वादाची चाल वाजवायची की नाही, हे त्यांच्यावर सोपवावे, आपण सुचवू नये. आणि स्मरणिका ठरलेल्या तारखेला निघत नसेल, तर दिग्दर्शकांची पुस्तिका त्या दिवशी प्रकाशित करून वादकांची सिद्धेश्वरांच्या यात्रेपर्यंत पुढे ढकलावी. तोपर्यंत लग्नसराईचा एक हंगाम उलटलेला असेल आणि बँडवाल्यांना आपल्याशी बोलायला दुपारी सवड मिळेल ती चातुर्मासातच, तेव्हा भेटी त्या काळात ठरवाव्यात.